सांगलीत बांबू शार्क: सगळा खेळ पाण्याचा

आधी एक गैरसमज काढून टाकू. सांगली-मिरजेच्या मत्स्यालयाच्या दुकानांत ‘शार्क’ म्हणून मिळणारा चंदेरी मासा हा पंगस, मेकाँग नदीतला मांजरमाशाच्या कुळातला. ‘बाला शार्क’ आणि ‘रेड टेल शार्क’ हे रोहूच्या गोतावळ्यातले. तिघंही गोड्या पाण्यातले. खरा शार्क म्हणजे कोकणात जिला मुशी किंवा मोरी म्हणतात ती, आणि तिला समुद्राचंच पाणी लागतं.

टाकीत ठेवण्याजोगा म्हणाल तर बांबू शार्क. करडा बांबू शार्क आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच सापडतो आणि अडीच फुटांपर्यंत वाढतो. तो तळाशी निवांत पडून गालांनी पाणी ओढून श्वास घेतो. काळ्या टोकाच्या पंखाचा रीफ शार्क श्वासासाठी सतत पोहत राहतो; त्याला घरातली कुठलीही टाकी पुरत नाही, तो नाद सोडा. काही शार्क वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत (व्हेल शार्क 2001पासून), म्हणून प्राणी आणण्याआधी जात नक्की करून वन खात्याकडे चौकशी करा.

टाकी आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, कारण त्याला वळायला रुंदी लागते. यात सुमारे 1800 लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन पावणेदोन टनांच्या वर. ही टाकी तळमजल्यावरच हवी. पण कृष्णेच्या 2019च्या पुराचं पाणी ज्या घरात शिरलं होतं, तिथं ती मांडूच नये.

आता पाणी. समुद्र घाटाखाली, त्यामुळं प्रत्येक लिटर इथंच बनवायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बोअरचं पाणी तर जड, आणि ऊसपट्ट्यात त्यात खतांचं नायट्रेटही उतरलेलं असू शकतं. म्हणून आरओ लागतोच. घरगुती आरओला चव राखण्यासाठी कच्चं पाणी मिसळणारा छोटा नळ असतो, तो पूर्ण बंद करा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा दहाच्या आत आला पाहिजे. ताशी 15 लिटर देणारं मशीन ही टाकी भरायला सलग पाच दिवस घेतं.

मीठ समुद्री मत्स्यालयाचं घ्या. खडेमिठात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईड. समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम त्यात नसल्यात जमा. लिटरमागे साधारण 36 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला 65 किलो. ड्रममध्ये आधी पाणी, त्यात पंप चालू, मग मीठ थोडं थोडं सोडा. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, की कॅल्शियम पांढऱ्या गाळासारखं तळाला बसतं आणि ते पुन्हा विरघळत नाही. एक दिवस फिरू द्या, मग मोजा: क्षारता हजारी 33 ते 35. शार्क रक्तात युरिया साठवून समुद्राशी समतोल राखतो; क्षारता अचानक उतरली तर अंगात पाणी शिरतं आणि तो समतोल बिघडतो. उन्हाळ्यात टाकीतून रोज पाच-सात लिटर उडून जातं. मीठ मात्र उडत नाही, म्हणून ही भर बिनमिठाच्या आरओ पाण्यानंच घाला. दर आठवड्याला 180 लिटर बदला, त्याला साडेसहा किलो मीठ. तयार पाण्याची एक टाकी कायम भरलेली ठेवा. विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया वाढला त्या दिवशी पाणी बनवायला बसाल तर उशीर झालेला असेल.

तापमान 24 ते 27 अंश. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) हे जमत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. त्यासाठी फिल्टर सहा-आठ आठवडे आधी पिकवा, म्हणजे हे दोन्ही पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्या.

वाळू बारीक, कारण खरखरीत खडीनं पोट सोलतं. दगड काचेवर टेकवून बसवा, वाळू त्यानंतर. शार्क दगडाखाली उकरतो, आणि वाळूवर ठेवलेला दगड त्याच्याच अंगावर कोसळतो. हिटर लावलाच तर जाळीत, झाकण घट्ट.

विजेकडे दुर्लक्ष होतं, तेच महागात पडतं. शार्कच्या नाकाडावरचे बारीक छिद्रांसारखे ठिपके अतिशय सूक्ष्म विद्युत क्षेत्र ओळखतात. चिरलेल्या पंपातून पाण्यात गळणारी वीज आपल्याला जाणवत नाही, त्याला जाणवते: खाणं सोडतो, एकाच कोपऱ्यात राहतो. व्होल्टवर लावलेल्या मल्टिमीटरची एक पिन पाण्यात, दुसरी अर्थिंगला लावा आणि एकेक यंत्र बंद करत जा. ज्याच्यामुळं आकडा धाडकन उतरेल ते बदला. आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच.

खाणं: कोळंबी, म्हाकूळ, समुद्री माशाचे तुकडे. किलोभर वजनाच्या शार्कला आठवड्याला 40 ते 60 ग्रॅम, तीन वेळांत, लांब प्लॅस्टिकच्या चिमट्यानं. शिंपल्यांसारख्या खाद्यात बी-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, म्हणून व्हिटॅमिनची गोळी तुकड्यात खोचून द्या. तांबं असलेलं कुठलंही औषध टाकीत नको, शार्क मरतो.

घसा दर आठवड्याला बघा. खालच्या बाजूला फुगवटा दिसला तर तो बहुधा गलगंड: आयोडीन कमी किंवा नायट्रेट फार. नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आत ठेवा, आयोडाईड पशुवैद्याला विचारून.

वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लगेच लावा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास थांबला तर आतले जिवाणू प्राणवायूविना मरतात. वीज आल्यावर तो तसाच चालू करू नका, सगळी घाण टाकीत येते. उघडा, आतलं पाणी ओतून टाका, माध्यम (जिवाणू ज्यावर वाढतात तो स्पंज वगैरे) टाकीच्याच पाण्यात धुवा आणि मग जोडा.