कोणता मॉड काढू?

“ताई, स्कायरिम क्रॅश होतोय, कोणता मॉड काढू?” परभणीत आमच्या ओळखीत जो कोणी हा गेम खेळतो, तो कधी ना कधी मला हे विचारतो. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली, गेममध्ये वरून टाकायची भर. मी नाव सांगत नाही, उलट प्रश्न विचारते, आणि मग माघारी ऐकायला मिळतं की ताईला सरळ सांगायचं नसतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज एकदाचं सांगून टाकते.

नाव सांगत नाही, कारण तेवढ्या माहितीवर ते कोणालाच कळणार नाही. मेनू यायच्या आधीच गेम बंद पडतो का? मग बहुतेक एखाद्या प्लगिनची, म्हणजे मॉडच्या मुख्य फाइलची, मास्टर फाइल (जिच्यावर ती उभी असते ती) नाही, किंवा गेम अपडेट झाला आणि एसकेएसई, म्हणजे बऱ्याच मॉडना लागणारा जोडप्रोग्राम, मागच्याच आवृत्तीचं राहिलं. नोव्हेंबर 2021 मध्ये गेमची 1.6 आवृत्ती आली तेव्हा कित्येकांचं हेच झालं. मॉड चांगलेच होते, पण त्यांच्या डीएलएल, म्हणजे कोडच्या फाइली, गेमच्या जुन्या एक्झीसाठी, म्हणजे मुख्य प्रोग्रामसाठी, बांधलेल्या. दर वेळी एकाच जागी पडतो? मग त्या जागेतलंच काहीतरी आहे, एखादी मेश, म्हणजे वस्तूच्या आकाराची फाइल, नाहीतर कुणीतरी डिलीट केलेला नॅव्हमेश, म्हणजे पात्रांना चालायची वाट दाखवणारा नकाशा. आणि गेम नाही, अख्खा पीसीच बंद होत असेल, तर मे महिन्यातल्या आपल्या उन्हात आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. सेव्ह होता होता लाइट गेली तर ती फाइल अर्धवट राहते, तिचंही खापर मॉडवरच फुटतं. यातलं काही न सांगता नुसतं “कोणता काढू” विचारलं की मला राग येतो. येतो, हे कबूल करते. त्या रागाला कारण आहे.

माझा मावसभाऊ लातूरला नीटची तयारी करत होता, रिपीटर. खोलीवर पुस्तकं आणि टेस्टचे पेपर, दुसरं काही नाही. सुट्टीला सेलूला घरी आला की तेवढं पीसीवर बसायचा. त्याचं एकच पात्र होतं, चोरपावलांनी फिरून बाण मारणारा, सरड्यासारखा दिसणारा अर्गोनियन. टेस्टचे मार्क वर्षभर जागचे हलले नाहीत. पुढे सरकत होतं ते हे पात्र. कुठल्या गुहेत काय सापडलं, घरात कुठली तलवार कुठे टांगली, ते तो मला फोनवर सांगायचा. मावशीला वाटायचं, पोरगा अभ्यासाच्या शंका विचारतोय.

दिवाळीत तो आला आणि गेममधल्या रिव्हरवुड गावाजवळ गेम पडायला लागला. पुलापाशी पोचलं की डेस्कटॉप. त्यानं दोस्तांना विचारलं. एकानं क्रॅश लॉगच्या, म्हणजे गेम पडला की त्याची नोंद होते त्या फाइलच्या, वरच्या ओळी बघून सांगितलं, गावं मोठी करणारा मॉड आहे ना, तोच, काढून टाक. यानं काढला, सेव्ह केलं, तरी पडला. मग कोणी फॉलोअरचा, म्हणजे गेममधल्या सोबत्याचा, काढायला लावला, कोणी आणखी कुठला. दर वेळी आधीच्याच सेव्हवर सेव्ह. मॉड काढला तरी त्याच्या चालू स्क्रिप्ट, म्हणजे छोटे कोड, सेव्हमध्ये राहतात, आणि त्या ज्यावर चालायच्या ते मात्र गेममध्ये उरत नाही. आधी क्वेस्ट अडकले, मग गावातली माणसं गायब झाली, शेवटी सेव्ह लोड करताच गेम बंद. तेव्हा कुठे त्यानं मला फोन केला.

मी सेलूला गेले. सेव्हला हात लावला नाही. मेनूवरच कन्सोल, म्हणजे गेमला हुकूम टाइप करायची जागा, उघडून ‘सीओसी रिव्हरवुड’ टाइप केलं. असं केलं की पात्र नाही, सेव्ह नाही, गेम थेट त्या गावात नेतो. पडला. म्हणजे सेव्हचा संबंधच नव्हता, आणि गावांचा मॉड तर आधीच काढलेला. पहिल्या दिवसाचा लॉग फोल्डरमध्ये होता, तो उघडला. वर ‘एक्सेप्शन ॲक्सेस व्हायोलेशन’. त्याचा अर्थ एवढाच की प्रोग्राम मेमरीत नको तिथे गेला. त्याखाली गावांच्या मॉडचं नाव. सगळ्यांनी तिथेच वाचणं थांबवलं होतं. लॉगमध्ये वस्तूपुढे तिच्यात बदल करणाऱ्या प्लगिनचं नाव येतं. नाव आलं म्हणजे दोष त्याचाच, असं नाही. मी खाली वाचत गेले, तर लाकूड कापायच्या गिरणीच्या निफ फाइलचा, म्हणजे तिच्या मेशचा, पाथ दिसला. ती फाइल एका भलत्याच मॉडची निघाली. 2011 च्या मूळ 32 बिट गेमसाठी केलेला तो मॉड यानं मागच्या सुट्टीत 2016 च्या स्पेशल एडिशनमध्ये तसाच टाकला होता, मेश न बदलता. मॉड सांभाळायच्या मॉड ऑर्गनायझर प्रोग्राममध्ये ती एक फाइल हाइड केली आणि पुन्हा सीओसी केलं. गाव आलं, गिरणी फिरत होती.

तो मागे उभा होता. म्हणाला, “ताई, म्हणजे काहीच काढायचं नव्हतं?”

नव्हतं. ऑटोसेव्हही फिरून नव्यानं लिहिले गेलेले, जुनी कॉपी कुठेच नाही. काढलेले मॉड परत टाकून पाहिले, पण सेव्ह उघडली नाही. सुट्टी संपली आणि तो लातूरला गेला.

पूर्वी मीही सांगायची, अर्धे मॉड बंद करा, कुठल्या अर्ध्यात पडतो ते बघा. ती पद्धत चुकीची नाही, पण ती नव्या गेमवर करायची, जपलेल्या सेव्हवर नाही, आणि हे शेपूट कोणी ऐकत नाही. तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, दिवसभर दुकानात उभा राहिलेला माणूस रात्री तासभर खेळायला बसतो, त्याला कशाला लॉग वाचायला लावतेस? नुसता टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या वरच्या रंगरूपाचा, मॉड मधेच काढला तर बहुधा काही बिघडत नाही, मग सगळ्यांना भीती कशाला घालतेस? आणि लॉगमध्ये कामाचं काहीच नसलं तर तू तरी काय करणार आहेस? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. अंदाजानं काढलेल्या मॉडनं क्रॅश थांबलेलेही मी पाहिलेत. पण ज्यांचे थांबतात ते दुसऱ्याला छातीठोक सांगायला जातात, आणि ज्यांची सेव्ह जाते ते गप्प बसतात. म्हणून मी नाव घेत नाही. माझं वागणं बरोबरच आहे, असा दावा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आधी सेव्हचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, सेव्हवर सेव्ह करू नका, गेम कुठे आणि केव्हा पडतो ते लिहा आणि लॉग पाठवा. स्क्रीनचा फोटो काढून वरच्या चार ओळी नकोत, अख्खी फाइल हवी. रात्री उशिरा पाठवलीत तरी चालेल, मी वाचते.