नाताळची सुट्टी, अंदमान आणि सहा किलो पुस्तके

डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकच्या आमच्या घरात सासूबाईंचे गुडघे धरतात, मुलांची शाळेची बस उजाडण्यापूर्वीच दाराशी येते आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपल्या पांघरुणात आपापला मोबाइल घेऊन बसतो. २०२३ साली आम्ही ठरवले की नाताळची सुट्टी उबदार हवेत काढायची आणि त्या दहा दिवसांत घरातल्या पाचही जणांनी, म्हणजे मी, माझे पती, बहात्तर वर्षांच्या सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा यांनी, पुस्तके वाचायची. हे वाटले तितके सरळ झाले नाही. वाचनासाठी सहकुटुंब सुट्टी काढण्याचा कोणाचा विचार असेल, तर आमच्या हातून काय चुकले आणि काय जमले हे त्यांना उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ठिकाण म्हणून आम्ही अंदमान निवडले. ही बेटे विषुववृत्तापासून फार दूर नाहीत. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, साडेअकरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसले आहे, त्यामुळे तिथे डिसेंबरातही स्वेटर लागत नाही. हिंदी सर्वत्र चालते आणि नेहमीच्या पर्यटनाच्या बेटांवर जाण्यासाठी भारतीयांना वेगळा परवाना काढावा लागत नाही. तरीही खरे कारण सासूबाई होत्या. त्यांचे माहेर भगूरचे. सावरकरांच्या जन्मगावी वाढलेल्या या बाईंना सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी पाहायचे होते, आणि ही इच्छा त्या कित्येक वर्षे बोलून दाखवत होत्या.

तयारीचा सर्वात कठीण भाग होता पुस्तके निवडण्याचा. नोव्हेंबरअखेर दिवाणखान्यातल्या टेबलावर ज्याला जे न्यावेसे वाटेल ते त्याने आणून ठेवावे असे ठरले, आणि आठवड्याभरात तिथे जो ढीग झाला तो बॅगा तोलण्याच्या काट्यावर चौदा किलो भरला. आमच्या तिकिटांवर माणशी पंधरा किलो सामान आणि सात किलोची हातातली पिशवी एवढीच मुभा होती. कपडे, औषधे आणि सासूबाईंची घडीची खुर्ची धरून हिशेब केल्यावर पुस्तकांच्या वाट्याला सहा किलो आले. मग प्रत्येकाने पूर्णपणे स्वतःचे असे एकच पुस्तक घ्यावे आणि उरलेल्या वजनात किमान दोघांना वाचता येतील अशीच पुस्तके घ्यावीत, असा नियम केला. मुलीने तिच्या इंग्रजी कादंबऱ्या ई-रीडरमध्ये भरून घेतल्या. आधी मला ते रुचले नव्हते, पण वजन वाचते आणि उन्हातही त्याचा पडदा स्वच्छ दिसतो हे पाहिल्यावर माझा विरोध मावळला. मुलाने समुद्री जिवांचे चित्रमय पुस्तक घेतले, पतींनी एक जाडजूड चरित्र घेतले आणि मी वर्षभर उशाशी पडून असलेली कादंबरी घेतली.

सामायिक वाचनासाठी दिवाळी अंकांइतके सोयीचे काही नाही, हे मी अनुभवाने सांगते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात ही चीज आहे, आणि नाताळपर्यंत ती निम्मीअधिक न वाचलेलीच असते. एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे आणि प्रवासवर्णने असे सगळे असल्याने कोणीही कुठूनही उघडावे आणि अर्ध्या तासात काहीतरी पूर्ण वाचून खाली ठेवावे, ही सोय कादंबरीत नसते. आम्ही चार अंक घेतले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे आणि आमच्या घरातली बरीचशी पुस्तके तिथूनच येतात, पण समुद्रप्रवासात वाचनालयाचे पुस्तक न्यायचे नाही हे मी आधीच सांगून टाकले. जे भिजले तर आपलेच भिजावे. याखेरीज एक विनोदी कथासंग्रह आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ घेतले. ते सेल्युलर जेलमधल्या वर्षांचेच वर्णन असल्याने त्याच्यावाचून हा प्रवास त्यांना अपुरा वाटला असता.

दमट हवेत पुस्तकांचे हाल होतात. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या बांधणीचा कणा उष्णतेने सैल पडतो आणि पाने ओलावा धरून फुगतात. म्हणून प्रत्येक पुस्तक झिपच्या पारदर्शक पिशवीत घातले आणि औषधांच्या व बुटांच्या खोक्यांतून वर्षभर साठवलेल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या त्यांत टाकल्या. बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते आणि कधीकधी जाते असे कळल्यामुळे पुस्तकाला चिमट्याने लावायचे दोन छोटे दिवेही घेतले. पुढे या दिव्यांचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कोणत्याच वस्तूचा झाला नाही.

मुंबईहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर आणि तिथून दीड-दोन तासांच्या फेरीबोटीने हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, असा प्रवास झाला. माझी मोठी चूक इथे घडली. मी घरूनच वेळापत्रक करून नेले होते. सकाळी नऊ ते साडेदहा वाचन, दुपारी तीन ते साडेचार वाचन आणि मोबाइल फक्त रात्री जेवणानंतर, असे त्यात लिहिले होते. पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता समोर निळाहिरवा समुद्र असताना दहा वर्षांच्या मुलाला पुस्तक घेऊन बसवणे हे मुलावरही अन्यायाचे होते आणि पुस्तकावरही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पोहून दमले होते आणि वाचनाच्या तासाला चौघेही गाढ झोपले. त्या दिवशी वेळापत्रक मी बाजूला ठेवले. मनातून मला वाईट वाटले होते, कारण इतक्या खटपटीने आणलेली पुस्तके अजून पिशव्यांतच होती.

मार्ग दाखवला तो तिथल्या सूर्यास्ताने. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे घड्याळ आपलेच असले तरी सूर्य तिथे बराच आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरअखेर नाशिकला सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तर हॅवलॉकला पाच वाजून पाच-दहा मिनिटांनीच. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहून आम्ही मुक्कामी परतलो की सहाच्या आत मिट्ट काळोख व्हायचा आणि जेवणाला अजून दोन तास असायचे. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० पासून सुरू असली, तरी आम्ही उतरलो होतो त्या जागी मोबाइलचे इंटरनेट चालत नव्हते. समुद्रावर जाता येत नाही, बाजार लहान, करमणुकीचे दुसरे साधन नाही. असे दोन तास रोज आपोआप आमच्या हाती आले होते आणि मी मात्र दिवसाउजेडी वाचनाची वेळ शोधत बसले होते.

तिसऱ्या संध्याकाळी वीज गेली. व्हरांड्यात सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना दिव्याच्या प्रकाशात फार वेळ वाचवत नाही. त्या मुलीला म्हणाल्या, “बाळा, तुझे डोळे चांगले आहेत, मला एक गोष्ट वाचून दाखव.” मुलगी इंग्रजी माध्यमातली, मराठी वाचताना जोडाक्षरांना अडखळते, त्यामुळे ती संकोचली. तरी चिमट्याचा दिवा लावून तिने विनोदी कथासंग्रहातली पहिली गोष्ट सुरू केली. अडलेला शब्द आजी सांगायच्या, पुढचे वाक्य ती वाचायची. मुलगा आधी पायरीवर बसून ऐकत होता, मग आजीच्या पायाशी येऊन बसला. गोष्ट संपली तेव्हा वीज आलेली होती, पण व्हरांड्यातला मोठा दिवा लावायला कोणी उठले नाही. तसाही त्या दिव्यावर किडे येत, आणि लहान दिव्याच्या उजेडात ऐकायला अधिक बरे वाटत होते.

त्यानंतर रोज साडेपाच ते साडेसात हे आमचे वाचन ठरून गेले. पहिला तास एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, नंतर ज्याचे त्याने आपापले पुस्तक घ्यायचे. मोठ्याने वाचण्याची पाळी सगळ्यांवर आली. माझे पती गेल्या कित्येक वर्षांत कार्यालयीन पत्रांपलीकडे मोठ्याने काही वाचलेले नसलेले गृहस्थ, पण दिवाळी अंकातला हिमालयातल्या पदभ्रमणाचा लेख त्यांनी असा वाचला की मुलाने तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावला. कोणता मजकूर मोठ्याने वाचायला चांगला, हेही हळूहळू लक्षात आले. संवाद असलेल्या कथा उत्तम, प्रवासवर्णने चांगली, वैचारिक लेख मात्र एकट्याने वाचावेत.

हॅवलॉकच्या शेवटच्या दोन संध्याकाळी आणि नील म्हणजे शहीद द्वीपावरच्या दोन्ही संध्याकाळी आम्ही ‘माझी जन्मठेप’मधली निवडक प्रकरणे वाचली. काय वाचायचे हे सासूबाई आणि मी दुपारी ठरवत असू, कारण शिक्षांची सगळी वर्णने दहा वर्षांच्या मुलाला ऐकवावीत असे आम्हाला वाटत नव्हते. कैद्यांना जुंपत त्या कोलूचे, म्हणजे तेलघाण्याचे, वर्णन वाचले. भिंतीवर कविता कोरून त्या पाठ करण्याचा भाग वाचला. कैद्यांना पुस्तके मिळावीत, त्यांना वाचता यावे यासाठी केलेल्या खटपटीचा भाग वाचला तेव्हा मुलीने विचारले, “म्हणजे आजी, तिथे पुस्तक वाचायलासुद्धा परवानगी लागायची?” सासूबाईंनी फक्त मान हलवली आणि तिला पुढे वाचायला सांगितले.

पोर्ट ब्लेअरला परतून आम्ही सेल्युलर जेल पाहिले ते या वाचनानंतर, आणि तो क्रम योग्य ठरला. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे मधल्या मनोऱ्यापासून फाकणारे सात भाग होते, त्यांपैकी आज तीन उभे आहेत. प्रत्येक भागाचे तोंड शेजारच्या भागाच्या पाठीकडे येईल अशी रचना केली होती, म्हणजे एका कोठडीतल्या कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात असूनही भावाभावांची भेट का होत नसे, हा मुलाचा आदल्या रात्रीचा प्रश्न होता. मनोऱ्याखाली उभे राहिल्यावर त्याचे त्यालाच उत्तर सापडले. वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या टोकाच्या कोठडीपर्यंत सासूबाई कठडा धरून, प्रत्येक जिन्यावर थांबत गेल्या. आत बराच वेळ कोणी बोलले नाही. मुलाने पावलांनी लांबी मोजली आणि हळूच म्हणाला की आपला व्हरांडा याहून मोठा होता.

एका अपघाताची नोंद करायला हवी. एलिफंट बीचला जाताना लहान बोटीत कथासंग्रहाची पिशवी नीट बंद न झाल्याने आत लाटेचे पाणी शिरले. खारे पाणी नुसते वाळवून भागत नाही, कारण पानांत राहिलेले मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. मुक्कामी येताच आम्ही भिजलेल्या कडा गोड्या पाण्यात पिळून घेतलेल्या मऊ फडक्याने टिपल्या, दर आठ-दहा पानांमागे टिश्यू पेपर घातले, पुस्तक पंख्याखाली उघडे उभे ठेवले आणि ओले झालेले कागद तासातासाने बदलले. ते उन्हात ठेवले नाही, कारण कडक उन्हात पाने वाकडी होऊन ताठरतात. दुसऱ्या रात्री ते दोन बॅगांखाली दाबून ठेवले. मुखपृष्ठावर डाग राहिला, पण पुस्तक वाचण्याजोगे राहिले. प्रवाळाचे तुकडे किंवा शंख उचलण्यास तिथे मनाई असल्याने मुलाने खुणेसाठी वाळलेली पाने गोळा केली होती. त्यांतले एक अजून त्या पुस्तकात आहे.

नीलहून परतण्याच्या दिवशी वाऱ्यामुळे आमची सकाळची फेरी रद्द झाली आणि धक्क्यावर साडेचार तास बसावे लागले. भोवतालचे प्रवासी वैतागले होते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. आमच्या पाच जणांपाशी मात्र चार दिवाळी अंक हातातल्या पिशवीत होते. शेजारच्या बाकावर पुण्याचे एक जोडपे बसले होते. त्यांनी एक अंक मागून घेतला आणि फेरी लागेपर्यंत दोघांनी आळीपाळीने वाचला. उतरताना तो अंक आम्ही त्यांच्याकडेच राहू दिला.

एकतीस डिसेंबरला रात्री नाशिकला पोहोचलो तेव्हा घर गार पडले होते. पतींचे चरित्र निम्मे उरले होते, माझी कादंबरी पूर्ण झाली होती आणि ‘माझी जन्मठेप’मधली वगळलेली प्रकरणे मुलीने परतीच्या विमानात एकटीने वाचायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर सासूबाई शाल पांघरून दिवाणखान्यात येऊन बसल्या. कथासंग्रहातल्या तीन गोष्टी अजून राहिल्या होत्या. मुलाने बॅगेतून चिमट्याचा दिवा शोधून आणला, आणि त्या रात्री वाचण्याची पाळी त्याची होती.