एकच कीबोर्ड, मराठीला आणि कन्नडलाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ज्या सरकारी मराठी शाळेत मी शिकलो, तिच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीवर, आता मी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्यानंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या एका कारखान्यानं विंडोज ११ न चालणारे संगणक काढायला घेतले. ते आम्ही शाळेसाठी मागितले.

मुख्याध्यापिका बाईंनी आधी एसडीएमसीचा ठराव, देणगीपत्र आणि डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या वहीत, नोंद एवढं करून घेतलं. ते बरंच झालं. बदल्या होत राहतात. नोंद नसेल तर वस्तू कुणाची हेच पुढं कळत नाही.

मग संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. वायरमननं बघितलं, तर खोलीला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग होईपर्यंत एकही पोर आत सोडायचं नाही, यावर मी अडून बसलो. तुमच्या शाळेतही पहिलं हेच तपासा.

जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घातल्या आणि विंडोजऐवजी उबुंटू माते ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. दोन्हींना पैसे लागतील असं काहींना वाटत होतं. पैसे फक्त एसएसडीला लागले.

खरी चर्चा झाली ती कीबोर्डवर. कन्नडच्या सरांचा हात नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. त्यात इंग्रजी के दाबला की क येतो. पण चौथीच्या मुलांनी क लिहायला आधी इंग्रजी अक्षर का शोधायचं? मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीचा आग्रह धरला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि मुख्य म्हणजे देवनागरी नि कन्नड दोन्हींना तीच जागा. एका मुलीनं ‘बेळगाव’ टाइप केलं, भाषा बदलली आणि तेच पुन्हा कन्नडमध्ये उमटवलं. ब, ळ, ग, व सगळे त्याच कळांवर. कन्नडच्या ऱ्हस्व एकाराची कळ तेवढी वेगळी, आणि कन्नडमध्ये नाव ‘बेळगावि’ असल्यानं शेवटी इकार. सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. आमची मुलं पहिलीपासून दोन्ही लिप्या गिरवतात, त्यांचं निम्मं ओझं इथं उतरतं.

आता सर कन्नडचं शुद्धलेखन संगणकावरच घेतात. आमच्याकडचा पाऊस बघता, ओल धरू नये म्हणून, जूनपासून सगळी यंत्रं रोज थोडा वेळ चालू ठेवायची, हे काम सातवीच्या मुलांनी वाटून घेतलंय.