आमची वाटचाल : आधी हात, मग पुस्तक

मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी 1894 साली दवाखाना उघडला तेव्हापासून मिरजेला ऑपरेशनची सवय आहे. गल्लोगल्ली नर्सिंग होम, म्हणजे ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, मदतीला माणूस हवाच. पण तो घडायचा कसा? वॉर्डबॉय म्हणून लागलेला पोरगा बघून बघून शिकायचा. हे बदलायचं म्हणून मी आणि एक निवृत्त थिएटर सिस्टर, आम्ही दोघांनी ओटीतल्या मदतनिसांचा क्लास काढला. भांडवल माझं, शिस्त सिस्टरची.

सिस्टरची अट एकच : आधी हात, मग पुस्तक. स्क्रब (म्हणजे कोपरापर्यंत हात घासून धुणं), गाऊन, ग्लोव्हज, ट्रॉली मांडणी, पुन्हा स्क्रब. डोळे मिटायला लावून तळहातावर हत्यार ठेवायच्या. ॲलिस आणि बॅबकॉक हे दोन चिमटे; ॲलिसला दात असतात, बॅबकॉकला नसतात, हे बोटांना कळलं पाहिजे. 15 नंबरचं ब्लेड 3 नंबरच्या हँडलला, 22 चं 4 ला, आणि चढवायचं ते नीडल होल्डरने, म्हणजे सुई धरायच्या चिमट्याने. बोटाने चढवलं की त्या दिवसाचा चहा बंद. टाक्यांच्या सरावाला खाटकाकडून बकऱ्याचं आतडं यायचं. शेजाऱ्यांनी त्यावरून घरमालकाचे कान भरले, तो भाग वेगळा.

मग आमच्याच रस्त्यावर एकाने पाटी लावली. सहा महिन्यांत डिप्लोमा, नोकरीची हमी, फी आमच्या निम्मी. एसी होता, प्रोजेक्टर होता. हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह मात्र भिंतीवर, चित्रातला! पोरं तिकडे गेली. आमची मुलं जिथे प्रॅक्टिकलला जायची त्या दवाखान्यानेही त्याच्याशी करार केला, आणि ही बातमी मला सांगितली कुणी, तर तिथल्या वॉचमनने. इतक्या वर्षांची ओळख, एक फोन करायला काय जात होतं? हप्ते थकले. भंगारातून आणून जीव लावून दुरुस्त केलेलं भूल द्यायचं बॉईल्स मशीन विकावं लागलं. सिस्टरनी वर्षभर पगार घेतला नाही आणि त्याचा उल्लेखही मला करू दिला नाही. आज करतोय.

आम्हाला तारलं जयसिंगपूरच्या एका सर्जननी. त्यांच्याकडे आमची एक मुलगी होती. रात्रीची इमर्जन्सी, पोट शिवायला घेतलेलं, आणि ही म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे." मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायचं कापड. भूलतज्ज्ञ घाई करत होते, सर चिडले. ही सुई देईना. शोधलं तर मॉप स्प्लीनमागे, म्हणजे प्लीहेच्या मागे. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, "अशी अजून आहेत का?" तेव्हापासून ते माणूस आमच्याकडूनच नेतात आणि ओळखीच्या डॉक्टरांनाही सांगतात.

नंतरची वर्षं बरी गेली.

पालकांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. फी भरण्याआधी ऑटोक्लेव्ह चालवून दाखवा म्हणा. 121 अंश, 15 पौंड दाब, वीस मिनिटं, हे आकडे मास्तरांनी न अडखळता सांगितले पाहिजेत. मॉप किती वेळा मोजता, तेही विचारा. 'शेवटी एकदा' म्हणाले तर चहासुद्धा न घेता उठा.

समोरच्याची पाटी आता उतरली आहे. सामान विकायला काढलं तेव्हा त्याची मेयो ट्रॉली, ऑपरेशनच्या वेळी हत्यारं मांडायची, मी घेतली. चाकांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. सिस्टर अजून तिला हात लावू देत नाहीत, वर्तमानपत्रं ठेवायला वापरतात.