चार भंगारांतून एक पिवळा ट्रॅक्टर

शनिवारी रात्री एकदाचा माझा जुना ट्रॅक्टर सुरू झाला. सेल्फ मारला, दोनदा नुसताच फिरला, तिसऱ्यांदा कार्ब्युरेटरमधून फट्ट असा आवाज आला, आणि मग सिंगल सिलिंडरची जी ठक ठक ठक सुरू झाली ना, मी हातात पाना तसाच धरून दोन मिनिटं उभा होतो. बायको जिन्यावरून ओरडली, "झाला का रे?" आणि मुलगी पायजम्यातच पळत गॅरेजमध्ये आली. चौदा महिने लागले.

मागच्या पोस्टमध्ये फोटो टाकले होते तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की हा लॉन मोवर आहे का. नाही हो. हा गार्डन ट्रॅक्टर आहे, आणि यात खूप फरक आहे. आज दुकानात मिळतो तो गवत कापायचा पत्र्याचा लॉन ट्रॅक्टर वेगळा. साठच्या दशकात अमेरिकेत शहराबाहेर एकरभर जागेत घरं झाली, तिथल्या लोकांना मोठा ट्रॅक्टर परवडणार नव्हता आणि हाताने ढकलायचं मशीन पुरणार नव्हतं, त्यांच्यासाठी हे छोटे ट्रॅक्टर निघाले. बिडाचा गिअरबॉक्स, बिडाचं इंजिन, मागे नांगर लागतो, पुढे बर्फ ढकलायचं पातं लागतं, खाली गवत कापायचा डेक लागतो. आपल्याकडे तासगाव, नाशिककडे द्राक्षबागेत छोटे ट्रॅक्टर फिरतात ना, त्यांच्याहूनही बराच लहान, पण हाडापेराने खरा ट्रॅक्टर.

माझा आहे कब कॅडेट मॉडेल १००. १९६३ ते ६५ या काळात बनला, १० हॉर्सपॉवर, कोहलरचं के२४१ इंजिन, तीन गिअर पुढे आणि एक मागे. कोहलर म्हणजे तीच नळ आणि बेसिनवाली कंपनी, विस्कॉन्सिनची. पुण्यात मोठ्या दुकानात तिचे महागडे नळ बघितले असतील, त्याच कंपनीने ही इंजिनं पण बनवली. आणि ट्रॅक्टर बनवला इंटरनॅशनल हार्वेस्टरने, केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात. आम्ही राहतो इंडियानातल्या कोलंबसला, इथं कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्याकडची मंडळी भरपूर आहेत, आणि इथून लुईव्हिल सरळ दक्षिणेला तासा-सव्वातासाच्या रस्त्यावर. म्हणजे ज्या गावात हा ट्रॅक्टर जन्मला त्याच्या शेजारीच मी तो परत उभा केला, याचं मला फार बरं वाटतं.

तर "चार भंगारं" का म्हणतोय ते सांगतो.

पहिलं भंगार जवळच्याच सेमूर गावाच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात मिळालं. चेसिस, गिअरबॉक्स, चारही चाकं, सीट, आणि इंजिनच्या जागी नुसतं भोक. १२० डॉलर. शेतकरी म्हणाला याचं इंजिन माझ्या भावाने काढून गो-कार्टला लावलं होतं. मागच्या हाऊसिंगवर नंबराची पट्टी शाबूत होती त्यावरून मॉडेल १०० आहे हे कळलं. दुसरं भंगार मॉडेल १०२, ते एका झाडाखाली कित्येक वर्षं पडून होतं, बॉनेट सडलेलं, पण इंजिन तेच के२४१, पिस्टन जाम. तिसरं मॉडेल १२२, त्याचं स्टिअरिंग बॉक्स आणि मागचे मडगार्ड घेतले. आणि चौथं भंगार म्हणजे पोर्टलंडची जत्रा. ऑरेगॉनचं पोर्टलंड नाही, इंडियानातलं पोर्टलंड. तिथं दरवर्षी ऑगस्टमध्ये जुन्या इंजिनांचं आणि ट्रॅक्टरांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि त्याला लागून सुट्या भागांचा बाजार. मैदानभर ताडपत्र्या पसरलेल्या आणि त्यावर गंजलेले गिअर, मॅग्नेटो, पुल्या, कार्ब्युरेटर. आपल्या जुन्या बाजारात फिरल्यासारखं वाटतं अगदी, फक्त घासाघीस जरा हळू आवाजात चालते. तिथं मला स्टार्टर-जनरेटर मिळाला, आणि बॉनेट मिळालं ज्याच्यावर एकही भोक नव्हतं.

जाम इंजिनाची गोष्ट मोठी आहे. हेड खोललं तर सिलिंडरमध्ये कधीतरी पाणी शिरून वाळलेलं, रिंगा भिंतीला धरून बसलेल्या. मी त्या रात्रीच भारतात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळ, ते चहा पीत होते. म्हणाले, "हातुडा लावू नकोस. डिझेल वत, वरनं तेल सोड, आन इसरून जा." मी नऊ दिवस विसरायचा प्रयत्न केला, म्हणजे रोज रात्री जाऊन बघायचो की डिझेल खाली उतरलंय का. दहाव्या दिवशी पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं आणि तो केसभर हलला. केसभरच, पण हलला! त्यानंतर अर्ध्या तासात बाहेर.

या इंजिनात लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली वेगळी नळी, नसतो, ब्लॉकमध्येच बोअर. म्हणजे झिजला की लेथवाल्याकडे नेऊन बोअर मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, दहा, वीस, तीस थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिस्टन मिळतात. माझं वीस थाऊवर साफ झालं. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि तो सरळ क्रँकवर फिरतो, मध्ये बेअरिंगची वाटी नाही. ऑइल पंपही नाही. रॉडच्या खाली एक छोटी जीभ असते ती तेलात बुडून तेल उडवते आणि त्यावरच सगळं इंजिन जगतं. म्हणून तेलाची पातळी कमी असताना किंवा फार उतारावर हे इंजिन चालवू नये, रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. मी असा फुटलेला ब्लॉक पोर्टलंडला बघितलाय, बघवत नाही.

क्रँक दहा थाऊ घासून घेतला तर रॉडही दहा थाऊ लहान भोकाचा लागतो. मी तसाच मागवला, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, पाकिटावर नंबर बरोबर, आतला रॉड स्टँडर्ड. मायक्रोमीटर लावला म्हणून कळलं नाहीतर बसवलाच असता आणि पहिल्याच तासात ठोका लागला असता. परत पाठवा, परत मागवा, यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यात मी क्लच केला, त्याबद्दल नंतर कधीतरी नीट लिहीन कारण त्यात एक शाफ्ट आहे, त्याला गुंडाळीच्या पिना लागतात, त्या पिना झिजून भोकं लांबट होतात आणि मग क्लच सोडताना खाडखाड करतो, आणि साठ वर्षांत ज्याची भोकं लांबट झाली नाहीत असा शाफ्ट मला तरी चार भंगारांत सापडला नाही. नवीन शाफ्ट करून घेतला.

मला सगळ्यात जास्त मजा आली ती पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच, सेट करताना. हल्लीच्या गाडीत कंप्युटर ठरवतो ठिणगी कधी पडायची, इथं तुम्ही ठरवता. ब्लॉकच्या बाहेर एका छोट्या झाकणाखाली पॉइंट, कॅमकडून एक बारीक दांडी येऊन त्यांना उघडते. गॅप २० थाऊ, फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची. पण गॅप लावून भागत नाही, फ्लायव्हीलवर दोन खुणा असतात, "टी" म्हणजे पिस्टन अगदी वर आणि "एस" म्हणजे ठिणगीची वेळ. छोट्या खिडकीतून बघत फ्लायव्हील हाताने हळू फिरवायचं, टेस्ट लॅम्प लावून ठेवायचा, आणि "एस" बरोबर मध्ये आला की त्याच क्षणी पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. मुलगी खिडकीशी टॉर्च धरून बसली होती, "आला, आला, गेला बाबा, मागे घ्या." असं तासभर. तिला "एस" म्हणजे काय ते आता माझ्याइतकंच कळतं.

स्टार्टर-जनरेटर हा पण एक सुंदर प्रकार. सेल्फ आणि डायनामो एकच, एकाच पट्ट्यावर, आधी तो इंजिनाला फिरवतो आणि मग इंजिन त्याला. जुना पडलेला असेल तर जोडल्यावर त्याला एकदा पोलॅरिटी द्यावी लागते, रेग्युलेटरवरच्या बॅटरी आणि जनरेटरच्या टोकांना क्षणभर वायर टेकवायची, बारीक ठिणगी पडते, झालं. हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस चार्जिंग का होत नाही म्हणून मी सगळं वायरिंग उलटंपालटं केलं. शेवटी कोणी सांगितलं? अण्णांनी. डायनामोच्या काळातला माणूस.

आता अण्णांचं सांगतो, कारण खरं तर त्यांच्यामुळेच मी कब कॅडेट निवडला. या छंदातल्या बाकी लोकांचे प्राण जॉन डिअर ११० मध्ये नाहीतर व्हील हॉर्समध्ये अडकलेले असतात, व्हील हॉर्स तर आमच्या इंडियानातल्याच साउथ बेंडचा. चांगली मशीनं आहेत सगळी. पण मी लहानपणापासून एकच नाव ऐकलं, "इंटरनॅशनल". आमच्याकडे बी-२७५ होता, लाल, चार सिलिंडर डिझेल, ३५ हॉर्सपॉवर, अण्णांनी सेकंडहँड घेतलेला. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासने मिळून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ मध्ये बी-२७५ बाहेर पडायला लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली पण आमच्या गावात तो शेवटपर्यंत "इंटरनॅशनल"च राहिला. म्हणजे बघा, ज्या तीन वर्षांत लुईव्हिलला माझा पिवळा बनत होता, त्याच तीन वर्षांत त्याच कंपनीच्या नावाने कांदिवलीला लाल ट्रॅक्टरची तयारी चालली होती. दोघं चुलतभाऊच म्हणायचे.

मी लुईव्हिलला तो कारखाना होता ती जागा बघायला मुद्दाम गेलो होतो. विमानतळाला लागून. दुसऱ्या महायुद्धात तिथं विमानं बनत, १९४६ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने घेतला आणि पुढच्याच वर्षी तिथून फारमॉल कब हा छोटा शेतीचा ट्रॅक्टर निघाला, ज्याच्या गिअरबॉक्सवरून पुढे १९६० मध्ये कब कॅडेटचा गिअरबॉक्स आला. आता तिथं बघण्यासारखं काही नाही. १९८१ मध्ये कब कॅडेट एमटीडी या बागेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला विकला गेला आणि १९८५ मध्ये शेतीचा सगळा धंदाच टेनेको कंपनीने घेऊन आपल्या 'केस' या ट्रॅक्टर कंपनीत मिसळला. मी गाडी बाजूला लावून थोडा वेळ विमानं बघितली आणि परत आलो. अण्णांना फोटो पाठवला, त्यांनी तो गावात सगळ्यांना दाखवला म्हणे.

पोर्टलंडला एका गृहस्थांनी मला सरळ सांगितलं की तुझा ट्रॅक्टर "खरा" नाही, इंजिन १०२ चं, स्टिअरिंग १२२ चं, बॉनेट कुणाचं माहीत नाही. त्यांच्याकडचे ट्रॅक्टर अप्रतिम होते, प्रत्येक बोल्ट मूळचा, आणि ती मेहनत मी मानतो. पण मला हे पटत नाही. माझ्या आजीची वाकळ होती, त्यात आजोबांचं धोतर, आत्याचा परकर, अण्णांचा शाळेचा सदरा, आणि ती पूर्ण वाकळच होती, कुणी तिला अर्धी म्हटलं नाही. त्या १०२ ला झाडाखाली ठेवलं असतं तर दोन पावसाळ्यात ब्लॉकही गेला असता. आज त्याचं इंजिन चालतंय, मी त्याच्या नंबराची पट्टी जपून ठेवलीय, गॅरेजमध्ये भिंतीला लावलीय, चारही भंगारांची नावं तिथं आहेत.

रंग अजून बाकी आहे. प्रायमर झालाय, पिवळा आणि चाकांचा पांढरा थंडी जायच्या आत होणार नाही. पुढच्या ॲक्सलचा डगडगाट काढायचाय, आणि गिअरबॉक्सचं तेल परत एकदा बदलायचंय, पहिलं काढलं तेव्हा ते दुधासारखं पांढरं झालं होतं, म्हणजे पाणी गेलेलं, धुऊन भरलं तरी पन्नास तासांनी बघावं म्हणतोय.

शनिवारचा आवाज रेकॉर्ड करून अण्णांना पाठवला. उत्तर यायला अर्धा तास लागला, मला वाटलं झोपले असतील. मग फोन आला. म्हणाले, "तीनदा ऐकला. टॅपेट जरा वाजतंय, एग्झॉस्टचं." मी म्हटलं अण्णा, व्हॉल्व्हची फट कारखान्याच्या मापानेच लावलीय, एग्झॉस्टला १७ ते १९ थाऊ. "गार हुतं का गरम?" गार होतं. "मग ठीक हाय. तापल्यावर बग." थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हणाले आपला लाल तिकडे गोठ्याशेजारी उभा आहे, सहा वर्षं झाली, वायरिंग उंदरांनी खाल्लंय पण इंजिन हाताने फिरतंय, त्यांनी परवाच फिरवून बघितलं. मी डिसेंबरात जातोय हे त्यांना माहीत आहे.

"येताना चांगलं फिलर गेज आन," म्हणाले, "हितलं झिजलंय."