वाढीव पेन्शनसाठी साडेचार लाख भरावेत का?

सोलापुरातील माझ्या ओळखीच्या बऱ्याच निवृत्त मंडळींना भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे डिमांड लेटर, म्हणजे वाढीव पेन्शन हवे असेल तर अमुक रक्कम भरा असे पत्र, आले आहे. माझी सगळी नोकरी एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात गेल्यामुळे ही पत्रे घेऊन लोक माझ्याकडे येतात. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाल्यावर आता उलट आपणच पैसे कशाचे भरायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि त्यात थोडा संतापही असतो.

ही रक्कम दंडाची नाही, हे आधी समजून घ्यावे लागते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के रक्कम पेन्शन फंडात जाते, परंतु ती ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावरच. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. त्यामुळे २०१० साली ज्याचा पगार १८,००० रुपये होता, त्याचे महिन्याला ५४१ रुपयेच पेन्शन फंडात जात आणि मालकाच्या हिश्श्यातील बाकीचे पैसे त्याच्या पीएफ खात्यात साठत. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय पुन्हा खुला केला, तेव्हा हा फरक त्या त्या वर्षाच्या पीएफच्या व्याजासह पेन्शन फंडाकडे वळवणे ओघानेच आले. २०१४ नंतरच्या काळासाठी १५,००० च्या वरच्या पगारावर आणखी १.१६ टक्के द्यावे लागतात, म्हणून पत्रातील तक्त्यात ९.४९ टक्के हा दर दिसतो. थोडक्यात, जे पैसे आपण निवृत्तीच्या वेळी पीएफबरोबर आधीच उचलले आहेत, त्यांतील एक भाग परत मागितला जात आहे.

ज्यांचा पीएफ प्रत्यक्ष पूर्ण पगारावर कापला जात होता आणि जे १ सप्टेंबर २०१४ रोजी नोकरीत होते, त्यांनाच यात मुख्यतः वाव होता. अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ रोजी संपली. तोपर्यंत देशभरातून १७.४९ लाख अर्ज आले होते. मालकांना माहिती भरण्यासाठी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत वेळ मिळत गेला, म्हणूनच पत्रे इतक्या उशिरा हाती पडत आहेत. आपल्या शहरातील बिडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे बहुसंख्य कामगार मात्र या साऱ्या चर्चेच्या बाहेरच राहतात, कारण त्यांची मजुरी मर्यादेच्या वर कधी गेलीच नाही. सप्टेंबर २०१४ पासून जागचे न हललेले १,००० रुपयांचे किमान पेन्शन हा त्यांचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो आमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

आता हिशेब. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० हे सूत्र सर्वांना पाठ असते, पण सप्टेंबर २०१४ च्या आधीची आणि नंतरची सेवा वेगवेगळी मोजली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सोयीसाठी एक नमुना घेऊ. समजा, भरायची रक्कम साडेचार लाख आहे आणि पेन्शन दरमहा ५,८०० रुपयांनी वाढणार आहे. म्हणजे वर्षाला ६९,६०० रुपये. तेच साडेचार लाख सात टक्क्यांनी मुदत ठेवीत राहिले असते तर वर्षाला ३१,५०० रुपये व्याज आले असते. ते वजा केल्यावर खरा फायदा ३८,१०० रुपयांचा उरतो आणि त्यातून मुद्दल भरून निघायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. नुकत्याच निवृत्त झालेल्या, ५८ वर्षांच्या माणसाने हे गणित घाई न करता पाहावे, कारण हे मुद्दल वारसांना परत मिळत नाही आणि या पेन्शनला महागाई भत्ताही लागत नाही.

ज्याला निवृत्त होऊन सहा वर्षे झाली आहेत, त्याचे चित्र अगदी निराळे आहे. त्याला निवृत्तीच्या तारखेपासूनचा फरक मिळायचा आहे. ७२ महिन्यांचे ५,८०० प्रमाणे ४ लाख १७ हजार ६०० रुपये होतात, म्हणजे भरलेली बहुतेक रक्कम परतच येते. अडचण अशी की ही वजावट आपसात होत नाही. आधी पूर्ण पैसे भरायचे आणि मागचा फरक नंतर, कार्यालयाच्या सवडीने यायचा. अशा माणसाचा फंड तर जुळे सोलापुरातल्या घरात किंवा मुलीच्या लग्नात केव्हाच संपलेला असतो. ज्याला सौदा सर्वांत लाभाचा, त्याच्याच हाती पैसा नाही, अशी ही गंमत आहे. साखर पेठेतील एका स्नेह्यांनी सोने तारण ठेवण्याचे मनात आणले होते. फरक केव्हा मिळेल याची तारीख कोणी लेखी देत नसल्यामुळे मी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि मुलाकडून बिनव्याजी उसने घेण्यास सुचवले. त्यांना ते जड गेले, पण पटले.

त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, आमचे आकडे ऐकून झाल्यावर, एवढेच विचारले, "भावजी, ह्यांच्या मागं मला किती येतंय, तेवढं सांगा." विधवेला पतीच्या पेन्शनच्या निम्मे मिळते. वरच्या नमुन्यात वाढीव भाग महिना २,९०० रुपये, वर्षाला ३४,८०० होतो. ठेवीच्या व्याजापेक्षा तो फार जास्त नाही आणि मुद्दल गेलेले असते. तरीही माझे मत पैसे भरण्याच्या बाजूने पडले, कारण ठेव मोडायला घरातली चार माणसे तयार असतात आणि तिच्या नावाचे पेन्शन तिच्याच खात्यात येते.

मागचा फरक एकाच वर्षात हाती आला की त्यावर कर लागतो. मागच्या वर्षांच्या थकबाकीवरची आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, कलम ८९) मागायची असेल तर विवरणपत्राच्या आधी त्यासाठीचा फॉर्म (त्या कायद्यात १०-ई) भरावा लागतो, आणि नेमके तेच राहून जाते. चेक लिहिण्यापूर्वी पत्रासोबतचा पगाराचा तक्ताही ओळ न् ओळ तपासावा. या स्नेह्यांच्या तक्त्यात एका वर्षाच्या पगारात थकीत वेतनवाढीची रक्कम दोनदा धरलेली आढळली आहे. मालकाकडून दुरुस्तीचे पत्र घ्यायचे आणि सुधारित आकडा आल्यावरच पैसे भरायचे, असे आमचे ठरले आहे.