तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ऑपरेशन कशाला केलंस?

मी वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करून घेतलं, गॅस्ट्रिक बायपास. तेव्हापासून लग्नात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, प्रश्न ठरलेला. "अगं डाएट आणि व्यायाम करून नसतं का उतरलं? पोट कापून घ्यायची काय गरज होती?" विचारणारे वाईट नसतात, मला माहितीये, पण मी काहीतरी अर्धवट बोलून घरी येते आणि मग रात्रभर डोक्यात भांडत बसते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

डाएट केलं होतं हो. भात बंदवालं, दोनदाच जेवायचंवालं, सगळी. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. तेव्हा मी स्वतःच स्वतःला म्हणायचे की तुझ्यात जिद्दच नाही. नंतर कळलं की वजन उतरलं की भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, वर्ष उलटलं तरी ते खाली येत नाही, वर शरीर कमी कॅलरीत भागवायला शिकतं. त्याला जिद्द किती दिवस पुरणार? मला शुगर होती, स्लीप ॲप्निया होता, म्हणजे झोपेत श्वास अडायचा, रात्री मशीन लावून झोपायचे. बायपासमध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडतात, त्याने नुसतं खाणं कमी होतं असं नाही, आतड्यातली हार्मोन्सही बदलतात, म्हणून वजन फारसं उतरायच्या आधीच शुगर खाली येऊ शकते. माझी आली. याला शॉर्टकट म्हणायचं असेल तर म्हणा.

पण म्हणायच्या आधी माझा ऑपरेशननंतरचा दुसरा महिना ऐका.

सासूबाई तांदळाची पेज करायच्या, गाळून, मीठ-जिरं घालून. स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा. दोन चमचे गेले की छातीच्या मधोमध काहीतरी अडायचं, तोंडात लाळ सुटायची, आणि मी बेसिनकडे पळायचे. मग पाणीही राहीना. जिथे ऑपरेशन केलं तिथे ह्यांनी फोन केला तर उत्तर आलं, घाईघाईने खात असतील, नीट चावून खायला सांगा. पेज चावतात कशी? घरात कोणीतरी म्हणालं, जुनी सवय आहे, इतक्यात कशी जाईल. मी रडून सांगत होते की मी खातच नाहीये. एकानेही विश्वास ठेवला नाही.

मग जिना उतरताना एकाच्या दोन पायऱ्या दिसायला लागल्या. भिंत धरून चालायचे, पाय आपले नसल्यासारखे. अशक्तपणा असेल म्हणून ग्लुकोज लावायला दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने बोट फिरवून डोळे बघितले, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि नर्सला म्हणाली ग्लुकोज थांबवा, आधी थायमिन. म्हणजे व्हिटॅमिन बी१. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो, उलट्या चालू राहिल्या की संपतो आणि थेट मेंदूवर येतं, वेळेत नाही मिळालं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. नंतर एंडोस्कोपीत दिसलं की जठराचा कप्पा आणि आतडं यांच्यातला जोड आकसलाय, तो फुग्याने रुंद केला. डोळे लवकर सुधारले. तळपायाच्या मुंग्या खूप महिने राहिल्या.

मला राग जोड आकसल्याचा नाही, ती या ऑपरेशननंतर होऊ शकणारी गोष्ट आहे. राग याचा आहे की जाड बाईने "त्रास होतोय" म्हटलं की लोकांना फक्त "जास्त खाल्लं" एवढंच ऐकू येतं. डॉक्टरांनासुद्धा.

"आता बरी आहेस ना मग?" हो, आहे. मशीन माळ्यावर गेलं. आधी पनीर, अंडं, डाळ, मग पोळी, कारण दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायलाच हवं. जेवताना पाणी नाही. बी१२, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर, त्यात लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही. डोकं दुखलं तरी ब्रुफेन नाही, अल्सर होतो. केस मुठीने गेले होते, ते आले. जिलबी घेतली तर थोड्याच वेळात धडधड, घाम, आडवं व्हावं लागतं, त्यामुळे केळवणात आग्रह करू नका, प्लीज, मी भाव खात नाहीये.

आणि हल्लीचा नवा प्रश्न, आता ती वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत, मौंजारो, वेगोव्ही, थोडी थांबली असतीस तर? भारतात 2025 मध्ये आली ती. माझी शुगर तोवर थांबली असती का, ते सांगा. पण खरं सांगायचं तर मीही हा विचार करते, विशेषतः रक्ताचे रिपोर्ट यायचे असतात तेव्हा. काही किलो परत आलेत, ते बघून जुनी मी लगेच कानाशी येते, म्हटलं होतं ना जिद्द नाही. तिला घ्रेलिनचं सगळं समजावून सांगते. कधी तिला पटतं, कधी नाही.